शिट्टीमावशीचा लाल काटा

तलावावर नव्याने येणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या जात. केस टोपीत घाल, पाण्यात उतरण्याआधी पाय धू, आणि शिट्टीमावशीशी वाद घालू नकोस. पहिल्या दोन फळ्यावर लिहिलेल्या होत्या. तिसरी लिहून ठेवायची कुणाला कधी गरज वाटली नाही.

शिट्टीमावशी ही बायकांच्या दुपारच्या बॅचची जीवरक्षक. वय सत्तावन्न, उंची बेताची, खांदे मात्र असे भरदार की बॅचमधली शिंपीण म्हणायची, "मावशी, तुमचं माप घ्यायचं म्हणजे मला टेपला टेप जोडावी लागेल." गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. शिट्टीच्या तोंडाशी दातांच्या खुणा पडलेल्या. मावशीला काळजी लागली की ती शिट्टी न वाजवता नुसती चावत बसायची, आणि पाण्यातल्या बायकांना ते बरोबर कळायचं.

पंचविसाव्या वर्षी ती या तलावावर आली ती कपडे बदलायच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला. पोहणं राहिलं बाजूला, काठाने चालायचीही भीती. एकदा एक शाळकरी मुलगी पाय घसरून खोल भागात पडली आणि तेव्हाचा जीवरक्षक नेमका चहाला गेलेला. हिने किल्ल्यांचा जुडगा फेकला, कोपऱ्यातला बांबू पुढे केला, आणि मुलगी बांबूला धरून काठाला लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. ही मात्र त्या बांबूकडेच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती त्या वेळच्या मॅनेजरसमोर उभी राहिली. "मला पोहायला शिकवा," म्हणाली, "पुढच्या खेपेला बांबू हाताशी नसला तर?"

देव कुणाला कुठल्या कामाला लावील सांगता येत नाही. पाण्याला भिणारी बाई तीस वर्षं पाण्याच्या डोक्यावर बसली. तेवढ्या काळात तिने नऊ जणींना बाहेर ओढलं. त्यांची नावं तिला आठवत नसत, टोप्या आठवत. पिवळी टोपी, निळी फुलाफुलांची टोपी, ती पांढरी टोपी जी घरी जाताना एक शब्द बोलली नाही आणि महिन्याने हातात फुलं घेऊन आली.

उंच खुर्चीवर चढण्याआधी ती वाकून पाण्यात दोन बोटं बुडवायची, डोळ्यांना लावायची आणि हलकेच म्हणायची, "आल्या तितक्या घरी जाऊ देत." एवढीच तिची प्रार्थना. रोजची, एकाच शब्दांत.

त्या शहरातला उन्हाळा ओला. सकाळी आठलाच अंगाला चिकटा सुटायचा, दोरीवरचा टॉवेल संध्याकाळी काढावा तर सकाळी होता तितकाच दमट. दुपारी दोनपर्यंत आकाश घासून ठेवल्यासारखं लख्ख, आणि मग उंच इमारतींच्या मागून ढग वर चढायला लागत, दूध उतू येतं तसे. कधी तासभर धिंगाणा घालून जात, कधी नुसते गुरगुरून दुसऱ्याच्या दारात जात.

फोनवर हवामानखात्याचे इशारे येत. पिवळा तर रोजचाच. "पिवळी म्हणजे हळद, नारंगी म्हणजे गाजर, लाल म्हणजे मिरची," असं शिंपिणीने सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं, "मिरची आली की घरी बसायचं. हळदीला कोण भितंय?" आणि खरंच, हळदीला तलाव बंद ठेवायचा म्हटलं तर उन्हाळाभर फाटकाला कुलूपच लावावं लागलं असतं. म्हणून तलावाचा नियम इशाऱ्यांवर नव्हता, कानांवर होता. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यात पाऊल नाही.

हा अर्धा तास पाळायला मावशीने एक युक्ती केली होती. काठाच्या शेडमध्ये भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्याच्या काचेवर तिने पुठ्ठ्याचा एक लाल काटा बसवला, हाताने फिरवायचा. गडगडलं की ती तो काटा अर्धा तास पुढे नेऊन ठेवायची. घड्याळाचा मोठा काटा लाल काट्याला जाऊन भिडला की पाण्यात जायला मोकळीक. मध्येच पुन्हा गडगडलं की लाल काटा पुन्हा पुढे. बायका ओल्या अंगाने बाकांवर बसून त्या काट्याकडे अशा बघत, जशी भुकेली माणसं चुलीकडे बघतात.

"मावशी, अहो किती लांब गडगडलं ते," एकदा एक जण काकुळतीला आली.

"लांब असलं म्हणून काय झालं? त्याला यायला बस पकडावी लागत नाही," मावशी म्हणाली, आणि काटा पुढे सरकवला.

तर अशी ही मावशी. आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिला ढग ऐकू येत नव्हते.

ऐकू येणं एकदम गेलं नाही. आधी जाड आवाज गेले. बायकांची बडबड, स्वतःची शिट्टी, पाण्याची थपथप हे कळायचं. पण मॅनेजरसाहेबांचा घोगरा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटायला लागला. घरी तिने टाकीत पाणी चढवायची मोटर लावली आणि विसरली, कारण मोटरचा घुमणारा आवाजच तिच्यापर्यंत पोहोचेना. सून धावत गच्चीवर गेली तर गच्चीचं तळं झालेलं.

"आई, अर्धा तास टाकी वाहतेय! शेजारच्यांनी येऊन सांगितलं."

"मला वाटलं बंद केली."

"तुम्ही माझं ऐकत नाही ते मी समजू शकते," सून पदर खोचून पाणी लोटत म्हणाली, "जगातल्या कुठल्याच सासवा ऐकत नाहीत. पण मोटर? मोटरशी कसलं भांडण?"

मावशी हसली. सून हसली नाही. तिने झाडू खाली ठेवला आणि सासूच्या तोंडाकडे नीट बघितलं. मुलगा परगावी कामाला, घरात या दोघीच. लपवणार तरी काय?

"आई, कान दाखवून येऊ या का?"

"हा उन्हाळा निघू दे. मग जाऊ."

माणूस देवापुढे सगळं कबूल करतं आणि डॉक्टरपुढे लपवतं. कानांचा कागद हातात आला की खुर्ची गेली हे मावशीला ठाऊक होतं. कमरेतून वाकता येतं, दम टिकतो, अजूनही ती एका श्वासात तळाचा दगड उचलून आणते. नऊ टोप्या तिने बाहेर काढल्या आहेत. नुसत्या कानांपायी खुर्ची सोडायची? आणि दुसरं मन लगेच म्हणायचं, दहावी टोपी तुझ्यामुळे पाण्यात राहिली तर? या दोन मनांच्या मधे तिची झोप उडाली. प्रार्थनेत चार शब्दांची भर पडली. "आल्या तितक्या घरी जाऊ देत. मला वेळेवर कळू दे."

आणि कळायला लागलं, ते पायांना. एका दुपारी चपला खाली राहिल्या होत्या आणि तिचे अनवाणी पाय खुर्चीच्या लोखंडी दांडीवर होते. दांडी शहारली, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. पुढच्याच क्षणी पाण्यात मास्तरीणबाईंनी मान वर केली. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, बॅचमधल्या सगळ्यांत वडील. त्यांची हनुवटी वर गेली म्हणजे ढग वाजले, हे मावशीने कधीच हेरलं होतं. आता दांडी आणि हनुवटी एकाच वेळी! तिने शिट्टी फुंकली, आणि मनात हात जोडले. कान गेले तर पाय दिलेस, तुझी करणी.

महिनाभर ती पायांनी ऐकत राहिली. एकदाही चुकली नाही.

मग भिंतीपलीकडच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि खडीच्या लॉऱ्या सुरू झाल्या. भरलेली लॉरी खड्ड्यातून गेली की दांडी शहारायची, अगदी तशीच. मावशीने ठरवलं, शंभर लॉऱ्यांना फुंकीन पण एका ढगाला चुकणार नाही. आठवड्यात सात वेळा तिने बॅच बाहेर काढली. डोक्यावर कडकडीत ऊन.

"मावशी, ढग राहू दे, ढगाचं पिल्लूसुद्धा नाही आकाशात!" शिंपीण शेडमध्ये टॉवेल पिळत ओरडली.

"ढग दिसायला पाहिजे असं नियमात कुठं लिहिलंय?"

"पण गडगडलं कुठं?"

"तुझे कान पाण्यात होते."

एवढं खोटं बोलून मावशी शिट्टी चावायला लागली. शिंपीण मात्र विचारात पडली आणि बोटाने कान साफ करायला लागली.  चष्मा पुसता पुसता मास्तरीणबाईंनी मावशीच्या अनवाणी पायांकडे एकदा बघितलं, इतकंच.

तक्रार गेली. मॅनेजरसाहेबांनी मावशीला खोलीत बोलावलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. पण त्यांच्या मिशा वरच्या ओठावर छपरासारख्या उतरलेल्या, त्यामुळे ओठ बघून समजायचीही सोय नाही. वर पंख्याची घरघर. मावशी टेबलावर पुढे झुकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. साहेबांना वाटलं, बाई रागाने बघतेय. ते आणखी हळू बोलायला लागले. शेवटी त्यांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला आणि पेन्सिलने त्याच्या खाली लिहिलं, 'खात्री असेल तरच.'

मावशीने मान हलवली. खोलीबाहेर येऊन ती नळाखाली पाय धूत बराच वेळ उभी राहिली. जे पाय देवाने दिले असं ती समजत होती, त्यांच्यावरचा तिचा विश्वास साहेबांच्या तीन शब्दांनी हलला.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी फोनवर नारंगी इशारा आला. गाजराचा दिवस म्हणून निम्म्या बायका आल्या नाहीत. आल्या त्या अकरा. उकाडा असा की श्वास घ्यायचा म्हणजे ओल्या फडक्यातून घ्यावा. पश्चिमेला ऊन होतं, पाणी चांदीच्या ताटासारखं चमकत होतं, आणि पूर्वेच्या इमारतींमागे आकाशाचा रंग शाईची दौत सांडल्यागत होत चालला होता.

मावशीने दोन बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, दोन्ही वाक्यं म्हटली आणि वर चढली.

चार वाजून दहा मिनिटांनी दांडी शहारली.

तिने शिट्टी ओठांत धरली. भिंतीच्या जाळीतून रस्ता दिसत होता. तिथे खडीची लॉरी उभी होती, इंजिन चालूच, मागून धूर. तिने पाण्यात मास्तरीणबाईंना शोधलं. त्या दूरच्या टोकाला पाठ करून पोहत होत्या. खात्री असेल तरच. मावशीने शिट्टी नुसती चावली.

दांडी पुन्हा शहारली. लॉरी तिथेच होती.

त्याच वेळी पाण्यात काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. मास्तरीणबाईंनी पहिला गडगडाट ऐकला होता. त्या थांबल्या आणि शिंपिणीला म्हणाल्या, "अगं, ढग वाजले."

"लॉरी असेल, बाई."

"मी चाळीस वर्षं वर्गात बसून ढग ऐकले. हे ढगच."

"मग मावशी गप्प बसली असती का? बिनढगाची शिट्टी मारते ती, ढगाची सोडेल?"

हे बोलणं सगळ्यांना पटलं. ज्या बाईने आठवडाभर लॉऱ्यांना सुद्धा शिट्टी मारली ती गप्प आहे, म्हणजे हे काही तरी लॉरीपेक्षाही किरकोळ असणार. आयुष्यभर घंटा झाल्याशिवाय वर्ग न सोडलेल्या मास्तरीणबाई. त्याही थांबल्या. दुसऱ्यांदा गडगडलं. आता अकराही जणींनी ऐकलं. आणि अकराही जणी पाण्यात उभ्या राहिल्या, हात हलवायच्या थांबल्या, आणि वाट बघायला लागल्या.

मावशीला दिसलं ते एवढंच. चकाकणाऱ्या पाण्यात अकरा टोप्या थबकल्या आहेत, आणि सगळ्या चेहऱ्यांचा रोख एकाच बाजूला आहे. आकाशाकडे एकही जण बघत नव्हती. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

 तिने छाती फुटेल अशी शिट्टी फुंकली.

खुर्चीवरून ती उतरली की उडी मारली हे तिलाही आठवत नाही. "शेडमध्ये! शेडमध्ये! टॉवेल राहू दे तिथंच!" बायका शिड्यांवरून धडपडत वर आल्या. शिंपिणीचा गुडघा दुखरा, ती शेवटी. मावशीने तिला काखेत हात घालून पायऱ्यांवरून उचलली आणि जवळजवळ फरफटत छपराखाली आणली. बाहेर वारा सुटला, पहिले थेंब पडले, पैशाएवढे मोठे. डोकी अकराच, तरी मावशीने ती दोनदा मोजली. अकरा.

आणि खोल टोकाच्या दिव्याच्या खांबावर वीज पडली.

तो आवाज मावशीलाही ऐकू आला. पांढरा उजेड, काच फुटून पाण्यात पडलेली, जळक्या तारेचा वास. ज्या शिडीवरून शिंपीण मिनिटापूर्वी चढली ती शिडी त्या खांबापासून चार पावलांवर होती.  एक जण रडायला लागली, दुसरी देवाचं नाव घेत होती, तिसरी दोन्ही करत होती.

मॅनेजरसाहेब उलटी झालेली छत्री धरून भिजत धावत आले. सगळ्या शेडमध्ये आहेत हे बघून ते छपराच्या खांबालाच टेकले.

"मावशी," ते ओरडले, या वेळी अगदी मोठ्याने, "काय कान आहेत तुमचे! एक मिनिट उशीर झाला असता तर! मी तुम्हाला काहीबाही बोललो, मनावर घेऊ नका."

"साहेब, मावशीला बक्षीस द्या," शिंपीण म्हणाली. "मी रोज तिची चेष्टा करते. माझी जीभ झडो."

बायकांनी मावशीला घेरलं. कुणी हात धरले, कुणी पाठीवरून हात फिरवला. मावशी हसली नाही. ती सवयीने घड्याळाशी गेली आणि तिने लाल काट्याला हात लावला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. बाहेर आणखी गडगडत असणार. शेवटचं कधी गडगडलं? आत्ता? दोन मिनिटांपूर्वी? सगळ्या तिच्या हाताकडे बघत होत्या, लाल काटा तिच्या बोटांत होता, आणि तो कुठे ठेवायचा हे तिला माहीत नव्हतं.

गप्प बसायची सोय होती. अंदाजाने काटा लावला असता तर कुणाला कळणार होतं? उद्या साहेबांनी तिचा सत्कार केला असता.

"साहेब," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

"या पावसात मलाही येत नाही. मोठ्याने बोला."

"तसं नाही. मला ढग ऐकू येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून."

साहेबांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला.

"पण आत्ता शिट्टी तर..." शिंपिणीने विचारलं.

"तुमची तोंडं बघून मारली. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होता म्हणून."

मास्तरीणबाई बाकावरून उठल्या. "म्हणजे आम्ही तुझ्याकडे बघत थांबलो होतो," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तू आमच्याकडे?"

"हो बाई."

सगळ्यांत आधी भडकली ती शिंपीण. एरवी ती सगळ्यांना हसवायची. आत्ता तिचे ओठ पांढरे पडले होते. "घरी दोन लेकरं आहेत माझी," ती म्हणाली. "लॉरीला शिट्टी मारायचात तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी बाहेर येत होते, मावशी. गडगडल्यावर पाय शिडीकडे वळला होता माझा. तुमच्यासाठी थांबले मी."

मावशीने मान खाली घातली नाही. "खरं आहे. चूक माझी आहे. खुर्ची जाईल म्हणून गप्प राहिले. तू बोल, काय बोलायचं ते बोल."

 शिंपीण टॉवेलात तोंड घालून बाकाच्या टोकाला जाऊन बसली, सगळ्यांकडे पाठ करून.

मावशीने गळ्यातून काळा दोरा काढला. शिट्टी साहेबांच्या ओल्या तळहातावर ठेवली. तीस वर्षांत ती शिट्टी आंघोळीलासुद्धा गळ्यातून निघाली नव्हती, मानेवर दोऱ्याचा फिकट पट्टा उमटलेला होता. साहेबांनी मूठ मिटली.  शेवटी ते म्हणाले, "पण मावशी, आता या सगळ्यांना आत सोडायचं कधी? काटा लावा ना."

"तेच तर मला कळत नाही, साहेब."

 मग मास्तरीणबाईंनी उजवा हात सरळ वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"आत्ता गडगडलं," त्या म्हणाल्या.

मावशीने त्यांच्या हाताकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. चार पस्तीस. लाल काटा तिने पाच वाजून पाच मिनिटांवर नेला.

दोन मिनिटांनी तीन हात वर झाले. काटा पुढे. मग सहा हात. मग एकच हात, आणि शेजारची म्हणाली, "छे, ते माझं पोट होतं," तशी दोघीतिघी फुसकन हसल्या आणि त्यांनाच अपराधी वाटलं. काटा तरी मावशीने पुढे नेलाच. भिंतीला टेकून, बायकांकडे तोंड करून ती उभी होती. हात वर झाला की वळायची, काटा लावायची, पुन्हा तोंड फिरवायची. साहेबांनीही एकदा हात वर केला, मग इकडेतिकडे बघून मिशी चाचपली. सगळ्यांत शेवटी, पाऊस ओसरत आल्यावर, बाकाच्या टोकाला पाठ करून बसलेल्या शिंपिणीचा हात वर आला. तिने मान वळवली नाही. पण हात चांगला उंच होता.

त्या दिवशी पाण्यात कुणी परत गेलंच नाही. लाल काटा आणि मोठा काटा एकमेकांना भिडले तेव्हा सहा वाजायला आले होते.

घरी गेल्यावर मावशीने सुनेला सगळं सांगितलं. सून चिडली नाही. तिने सासूच्या मानेवरच्या फिकट पट्ट्यावरून बोट फिरवलं. "उद्या नंबर लावते डॉक्टरांचा," म्हणाली, "आणि आज मोटर मी बंद करते."

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतलं एक इवलंसं हाड आखडलंय, तांदळाच्या कणीएवढं. यंत्र लावलं की बरंच ऐकू येईल, पण यंत्राला पाणी चालत नाही. म्हणजे खुर्ची नाहीच. साहेबांनी वरपर्यंत शब्द टाकून पाहिला, नियमात बसेना. खुर्चीवर पंचविशीची एक नवी मुलगी आली, चुणचुणीत, कान हरणासारखे. मावशीने तिला पहिल्या दिवशी सगळं दाखवलं, कुठल्या शिडीची पायरी सैल आहे, कोण दम नसताना खोलात जाते, आणि दोन बोटं बुडवून काय म्हणायचं. शेवटचे चार शब्द सांगितले नाहीत. त्या मुलीला त्यांची गरज नव्हती.

मावशीला साहेबांनी उथळ भाग दिला, नवशिक्यांना शिकवायला. तिथे कानांचं काम नव्हतं. हातांचं होतं. घाबरलेल्या बाईच्या पाठीखाली नुसते दोन तळहात धरायचे. पाण्याला भिणं म्हणजे काय हे तलावावर तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

शिंपीण पंधरा दिवस आली नाही. मावशी रोज टोप्या मोजायची आणि एक कमी भरायची. सोळाव्या दिवशी फाटकातून शिंपीण आली, हाताला धरून एका सुकलेल्या, रागीट चेहऱ्याच्या म्हातारीला घेऊन.

"या माझ्या सासूबाई," ती मावशीसमोर उभी राहून म्हणाली. नजर अजून थोडी बाजूलाच होती. "डॉक्टर म्हणालेत गुडघ्यांना पाणी चांगलं. यांना शिकवा. घरात कुणाचंच ऐकत नाहीत, म्हणून म्हटलं तुमचं आणि यांचं जमेल."

मावशीने यंत्र काढून डबीत ठेवलं होतं, पण शिंपिणीचा आवाज बारीक, शब्द न् शब्द पोहोचला. "तुझ्या सासूबाई," ती म्हणाली, "माझ्या हातावर ठेवतेस?"

"मग कुणाच्या ठेवू?" शिंपीण म्हणाली, आणि तिचे डोळे भरले तशी ती पटकन टोपी घालायला वळली.

म्हातारी पायऱ्या उतरली ती मावशीचा दंड असा आवळून की दुसऱ्या दिवशी काळानिळा दिसला. "मी बुडाले तर?" तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मावशीने तिचे ओठ बघून उत्तर दिलं, "मी इथंच आहे." हळूहळू म्हातारीने पाठ टेकली. तिचे कान पाण्याखाली गेले, कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या, आणि मावशीच्या दोन तळहातांवर ती आकाशाकडे बघत तरंगायला लागली. इमारतींमागे ढग उतू येत होते.

त्या दोघींनाही काही ऐकू आलं नाही. मावशीला दिसलं ते असं, की तलावभर ठिकठिकाणी पाण्यातून हात वर आले. मास्तरीणबाईंचा, त्यांच्या मागच्या दोघींचा, खोल टोकाला शिंपिणीचा, सगळ्यांचे. नव्या मुलीची शिट्टी त्यानंतर वाजली.

मावशीने म्हातारीला उभं केलं, पायऱ्यांवरून वर आणलं, टॉवेलात गुंडाळून बाकावर बसवलं.

"इतक्यात संपलं?" म्हातारी फुरंगटून म्हणाली. "आत्ता कुठं बरं वाटत होतं."

"अर्धा तास थांबायचं."

"आणि परत गडगडलं तर?"

"तर परत अर्धा तास," मावशी म्हणाली. तिने घड्याळावरचा लाल काटा बोटांत धरला आणि बायकांकडे तोंड करून उभी राहिली.